नाव बदललेली यॉट भाड्याने घेताना: एका चार्टर सेवेचे परीक्षण

अँटिग्वातील फाल्मथ हार्बरच्या धक्क्यावर आम्ही नौका ताब्यात घ्यायला पोहोचलो तेव्हा सकाळचे ऊन तिरपे पडले होते आणि त्या उन्हात नौकेच्या मागच्या बाजूला एकावर एक अशी दोन नावे दिसत होती. वरचे नाव गडद निळ्या अक्षरांतले, गेल्याच मोसमात चिकटवलेले. त्याच्याखाली, रंगाच्या किंचित उजळ छटेत, आधीच्या नावाची आठ अक्षरे सहज वाचता येत होती, कारण जितकी वर्षे ती अक्षरे तिथे होती तितकी वर्षे त्यांच्याखालच्या रंगाला ऊन लागलेच नव्हते. आमच्या करारात ते जुने नाव कुठेही आलेले नव्हते. शर्यतीच्या महागड्या यॉट भाड्याने देणाऱ्या एका कंपनीच्या सेवेचे हे परीक्षण आहे, आणि ते सविस्तर लिहावेसे वाटले याचे मुख्य कारण ती आठ अक्षरेच आहेत.

आधी व्यवहार काय होता ते सांगते. बावन्न फुटी, कार्बन फायबरची, केवळ शर्यतीसाठी बांधलेली ही यॉट आम्ही दहा हौशी नाविकांनी मिळून ‘कॅरिबियन ६००’ या शर्यतीसाठी नऊ दिवसांकरिता घेतली होती. कप्तान आणि तीन व्यावसायिक खलाशी कंपनीचे होते. बाकीचे दहा हात आमचे. शर्यतीपूर्वी तीन दिवस सराव, मग प्रत्यक्ष शर्यत आणि शेवटी नौका परत करण्याचे काम, असा कार्यक्रम ठरला होता. कंपनीचे नाव मी येथे देत नाही. जी चूक पुढे सांगणार आहे ती कंपनीने मान्य केली आणि शर्यतीपूर्वीच निस्तरली, म्हणून मला तिचे नाव उघड करण्यापेक्षा चूक नीट समजावून सांगणे अधिक उपयोगाचे वाटते.

शर्यतीच्या यॉटचे नाव वारंवार का बदलते हे कळल्याशिवाय या सेवेची पारख करता येत नाही. अशी नौका बांधून घेणारा पहिला मालक बहुधा ती काही मोसमच चालवतो. शिडांचे संच झिजतात, पगारी खलाशी लागतात, डोलकाठी आणि तिचे ताण-दोर ठरावीक काळाने तपासावे किंवा बदलावे लागतात, आणि तोवर नव्या आरेखनाच्या वेगवान नौका पाण्यात उतरलेल्या असतात. मग नौका विकली जाते. नव्या मालकाला आपल्या आवडीचे नाव हवे असते किंवा त्याच्यामागे उभ्या राहिलेल्या प्रायोजकाला आपले नाव शिडावर आणि नौकेच्या अंगावर हवे असते. कार्बनचा सांगाडा मात्र तोच राहतो आणि नीट सांभाळला तर वीस वर्षेही चालतो. म्हणजे नाव ही नौकेवरची सर्वांत लवकर बदलणारी वस्तू ठरते, आणि भाडेकरूला सर्वांत आधी दाखवली जाते तीही तीच.

याचे सर्वांत बोलके उदाहरण सध्या ‘लॉकनेक्ट’ या नावाने ओळखली जाणारी शंभर फुटी नौका आहे. २००८ मध्ये न्यूझीलंडमध्ये बांधून झाली तेव्हा तिचे नाव ‘स्पीडबोट’ होते. त्याच वर्षी अटलांटिक ओलांडण्याच्या विक्रमाच्या प्रयत्नासाठी ती ‘व्हर्जिन मनी’ झाली. पुढे अमेरिकन उद्योगपती जॉर्ज डेव्हिड यांच्या हाताखाली ती ‘रॅम्बलर १००’ म्हणून शर्यतीत उतरली, आणि ऑगस्ट २०११ मधील फास्टनेट शर्यतीत आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ तिचा कील, म्हणजे तळाखाली बसवलेला तोल सांभाळणारा जड पंखा, तुटून ती उलटली. एकवीस जण पाण्यात किंवा उलट्या नौकेच्या पाठीवर अडकले. सर्वच्या सर्व वाचले. त्यानंतर ऑस्ट्रेलियातील अँथनी बेल यांनी ती घेऊन ‘पर्पेच्युअल लॉयल’ या नावाने पुन्हा उभी केली, आणि २०१६ च्या सिडनी–होबार्ट शर्यतीत तिने १ दिवस १३ तास ३१ मिनिटे २० सेकंदांत पोहोचून तेव्हाचा विक्रम मोडला. मग ख्रिश्चन बेक यांच्याकडे ती ‘इन्फोट्रॅक’ झाली आणि अखेरीस ‘लॉकनेक्ट’. २०२३ मध्ये याच नौकेने ‘अँडू कोमांचे’ला अवघ्या ५१ सेकंदांनी मागे टाकून होबार्ट गाठले, आणि पुढच्या वर्षीही पहिली येण्याचा मान मिळवला.

ही साखळी मी मुद्दाम पूर्ण दिली आहे. एखाद्याने केवळ आजचे नाव पाहून या नौकेबद्दल चौकशी केली तर त्याला दोन विजय दिसतील; सर्व नावे पाहून केली तर कील तुटल्याची घटनाही दिसेल आणि त्यानंतर कील नवा बसवून ती कशी सावरली गेली हेही दिसेल. माझ्या मते दुसरे चित्र नौकेची अधिक बाजू घेणारे आहे. अपघात होऊन नीट दुरुस्त झालेली नौका, आणि जिचे काहीच माहीत नाही अशी नौका, यांतली मी पहिली निवडेन. लपवलेला इतिहास मात्र कोणत्याही नौकेला अविश्वासार्ह करतो.

‘कोमांचे’ची गोष्ट जरा वेगळी आहे आणि नौका भाड्याने देण्याच्या दृष्टीने ती अधिक शिकवणारी आहे. जिम क्लार्क आणि क्रिस्टी हिन्झ-क्लार्क यांच्यासाठी २०१४ मध्ये अमेरिकेतील मेन राज्यात बांधलेली ही नौका पुढे जिम कूनी यांनी विकत घेतली. २०१७ मध्ये ‘एलडीव्ही कोमांचे’ म्हणून तिने सिडनी–होबार्टचा १ दिवस ९ तास १५ मिनिटे २४ सेकंदांचा विक्रम केला. त्या वर्षी रेषा आधी ओलांडली होती ती ‘वाइल्ड ओट्स ११’ने, पण सुरुवातीच्या एका प्रसंगाबद्दल तिला एक तासाचा दंड झाला. पुढे मालकी पुन्हा बदलली आणि ऑस्ट्रेलियातील चमूंनी ती भाड्याने घेऊन आधी ‘अँडू कोमांचे’ आणि नंतर ‘मास्टर लॉक कोमांचे’ या नावांनी चालवली. येथे प्रायोजक आला आणि गेला तरी मूळ नाव नौकेच्या अंगावर राहिले. भाड्याने घेणाऱ्याला नौका ओळखीची वाटते, प्रायोजकाला आपली जागा मिळते, आणि मागचे विक्रम कोणाचे हे कोणालाही शोधत बसावे लागत नाही. नाव बदलायचेच असेल तर ते असे बदलावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नाव पूर्णपणे बदलले की नौकेचे कर्तृत्व कसे विखुरते हे ‘ग्रुपामा ३’ या तीन सांगाड्यांच्या नौकेवरून दिसते. फ्रान्समधील सेंट-मालोहून ग्वादलूपला जाणारी ‘रूट द्यु ऱ्हम’ ही एकट्याने करायची शर्यत तिने २०१० मध्ये फ्रांक कामास यांच्या हाती ‘ग्रुपामा ३’ म्हणून, २०१४ मध्ये लोइक पेरॉन यांच्या हाती ‘बांक पॉप्युलेअर ७’ म्हणून आणि २०१८ मध्ये फ्रान्सिस जॉयॉ यांच्या हाती ‘आयडेक स्पोर्ट’ म्हणून जिंकली. मधल्या काळात, २०१५ मध्ये, एका अमेरिकन चमूने तीच ‘लेंडिंग क्लब २’ या नावाने चालवली. विजेत्यांच्या यादीत तीन वेगळी नावे दिसतात. पाण्याने मात्र तीनही वेळा एकच नौका पाहिली होती. ज्याला हे माहीत नाही तो बारा वर्षे वयाच्या नौकेला जुनाट समजून बाजूला सारील आणि मोठी चूक करील.

हा प्रकार अलीकडचा आहे असेही नाही. ज्या नौकेवरून ‘अमेरिका कप’ला नाव मिळाले ती ‘अमेरिका’ १८५१ मधील विजयानंतर काही दिवसांतच इंग्लंडमध्ये विकली गेली आणि पुढच्या एका मालकाने तिचे नाव ‘कॅमिला’ ठेवले. अमेरिकेतील यादवी युद्धात ती फ्लोरिडातील नदीत बुडवली गेली, वर काढली गेली, आणि तेव्हा कुठे तिला आपले पहिले नाव परत मिळाले.

आता आमच्या कराराकडे येते. यॉट भाड्याने मिळते ती ढोबळमानाने दोन प्रकारे. एकात नुसती नौका मिळते आणि ती चालवण्याची, राखण्याची, बरीचशी कायदेशीर जबाबदारीही भाडेकरूवर येते. दुसऱ्यात कप्तान आणि खलाशांसह नौका मिळते आणि तिचा ताबा मालकाच्या माणसांकडेच राहतो. आमचा करार दुसऱ्या प्रकारचा होता, आणि हौशी चमूने शर्यतीसाठी दुसरा कोणताही प्रकार स्वीकारू नये असे मला वाटते. करार वाचायला सोपा होता, ही कंपनीची जमेची बाजू. भाड्यात काय येते आणि काय येत नाही, इंधन आणि बंदराचा खर्च कोणी द्यायचा, शीड फाटले तर अनामतीतून किती कापायचे, सराव किती तास, वादळामुळे सुरुवात पुढे गेली तर काय, हे सर्व स्वच्छ लिहिलेले होते. शर्यतीच्या काळात विम्यातील भाडेकरूने सोसायचा वाटा वाढतो ही गोष्टही ठळकपणे नोंदवली होती. हा मुद्दा पुष्कळदा बारीक अक्षरांत दडवला जातो, म्हणून त्याबद्दल कंपनीचे कौतुक करायला हवे.

करारात नसलेली गोष्ट म्हणजे नौकेचा जन्मदाखला. बांधणीचे वर्ष होते. पण आधीची नावे, आधीचे मालक, मोठ्या दुरुस्त्या, कधी जमिनीला लागली असल्यास त्याची नोंद, यांपैकी काही नव्हते. धक्क्यावर ती आठ अक्षरे पाहिल्यावर मी कंपनीच्या व्यवस्थापकाकडे फाइल मागितली. तो माणूस सरळ होता. त्याने कुरकुर न करता जाडजूड फाइल आणून दिली, आणि तिच्यात चौदा महिन्यांपूर्वीचा कीलच्या तपासणीचा अहवाल निघाला, जुन्या नावाने. अहवालावरचा सांगाड्याचा क्रमांक मी नौकेच्या मागे उजव्या बाजूला कोरलेल्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. दोन्ही जुळले. नाव कितीही वेळा बदलो, तो कोरलेला क्रमांक बदलत नाही, आणि नौका ओळखण्याची खरी खूण तीच आहे. अहवालात कीलच्या बोल्टभोवती भेगा नसल्याचे छायाचित्रांसह नोंदवलेले होते. हा कागद आम्हाला करारासोबतच मिळाला असता तर आमची ती सकाळ चिंतेत गेली नसती.

रेटिंगचे, म्हणजे वेगवेगळ्या नौकांची शर्यतीतली वेळ तुलनेसाठी कशी जुळवायची हे ठरवणारे, प्रमाणपत्र मात्र ताजे होते, आणि त्यामागे कंपनीची दक्षता कमी, नियम अधिक होता. नौकेचा मालक बदलला की आयआरसी या रेटिंग पद्धतीचे प्रमाणपत्र आपोआप रद्द होते आणि नव्या मालकाला नव्याने अर्ज करावा लागतो. त्यामुळे वजन, शिडांची मापे, डोलकाठीची उंची यांचे आकडे अलीकडचे होते. ज्या कागदामागे अशी सक्ती असते तो कागद जागेवर असतो. जिथे सक्ती ढिली असते तिथे जुने नाव राहून जाते, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी समुद्रावर कळले.

सरावाचा तो पहिलाच फेरा. वारा पूर्वेकडून भरदार होता आणि आम्ही किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर वळणाचा सराव करत होतो. रेडिओवर कोणीतरी एका नौकेला पुन्हा पुन्हा हाक मारत होते, आवाज चढत चालला होता, आणि आमच्यापैकी कोणीही त्याकडे लक्ष दिले नाही, कारण ते नाव आमचे नव्हते. कप्तानाने अचानक मान वळवून पाहिले, सुकाणू फिरवले आणि ओरडून दोर सैल करायला सांगितले. आमच्या शिडाआडून एक मोठी यॉट येत होती आणि ती हाक आम्हालाच होती. स्वयंचलित ओळख यंत्रणेवर, म्हणजे एआयएसवर, आमची नौका अजून जुन्याच नावाने दिसत होती. हे यंत्र नौकेचे नाव दर सहा मिनिटांनी आसपासच्या सर्वांना कळवत असते. म्हणजे आम्ही सकाळपासून दर सहा मिनिटांनी स्वतःचे चुकीचे नाव सांगत हिंडत होतो. दोन नौकांमध्ये अंतर पुरेसे होते, इजा कोणालाही झाली नाही, पण त्या वेळी विंचवर, म्हणजे दोर ताणण्याच्या चक्रावर, असलेल्या माझ्या मैत्रिणीचे हात नंतर बराच वेळ थरथरत होते.

एआयएसमध्ये जुने नाव असेल तर आणखी कुठे असेल, हा प्रश्न त्या संध्याकाळी आम्ही एकेका वस्तूला विचारत गेलो. शिडांच्या चार पिशव्यांवर जुने नाव होते; त्याने काही बिघडत नाही. जीवरक्षक तराफ्याच्या पेटीवर नवे होते. आणि संकटात उपग्रहांमार्फत संदेश पाठवणाऱ्या ईपर्ब या यंत्रावरच्या चिठ्ठीवर जुने होते.

ही बाब गंभीर का, ते नीट सांगायला हवे. ईपर्ब ४०६ मेगाहर्ट्झवर आपला ओळख क्रमांक पाठवतो. तो कॉस्पास-सारसॅट या उपग्रह यंत्रणेने टिपला की बचाव केंद्र तो क्रमांक नोंदवहीत शोधते, नौकेचे नाव, वर्णन आणि मालकाचा दूरध्वनी काढते आणि पहिला फोन त्या क्रमांकावर करते. नोंद जुन्या मालकाच्या नावे राहिली असेल तर फोन त्याला जातो. तो आपल्या घरी सुखरूप असतो. नौका तर त्याने विकलेली असते. ती आता कोणाकडे आहे, कोणत्या समुद्रात आहे, तिच्यावर किती माणसे आहेत, यांतले त्याला काही सांगता येत नाही. बचाव केंद्र शोध सोडून देत नाही, पण ज्या वेळेत माणसे पाण्यात असतात ती वेळ वाया जाते. शिवाय नौका एका देशाच्या नोंदणीतून दुसऱ्या देशाच्या नोंदणीत गेली की तिचा एमएमएसआय क्रमांक, म्हणजे रेडिओ यंत्रणांसाठीचा नौकेचा ओळख क्रमांक, हाही बदलतो, कारण त्याचे पहिले तीन आकडे देशाचे असतात. अशा वेळी नुसती चिठ्ठी बदलून भागत नाही, यंत्रातही नवा संकेत भरून घ्यावा लागतो. आमच्या नौकेचा ध्वज, म्हणजे नोंदणीचा देश, विक्रीच्या वेळी बदललेला होता.

‘रॅम्बलर १००’ उलटली तेव्हा पाच जण नौकेपासून दूर वाहून गेले होते आणि एकमेकांना धरून सुमारे अडीच तास पाण्यात होते. उलटलेल्या नौकेच्या पोटात अडकलेली उपकरणे हाताशी येत नव्हती. संदेश गेला तो खलाशांच्या अंगावरच्या छोट्या वैयक्तिक यंत्रांवरून. हे वाचलेले मला आधीपासून आठवत होते, म्हणून व्यवस्थापक “नोंद बदलली असेल, चिठ्ठी राहिली असेल” असे म्हणाला तेव्हा मी ते मान्य केले नाही. नोंदणी कार्यालयाचे लेखी उत्तर आल्याशिवाय आम्ही सुरुवातीच्या रेषेवर जाणार नाही, असे आम्ही दहाही जणांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आले: नोंद जुन्या मालकाच्याच नावे होती. कंपनीने त्याच दिवशी सुरक्षा साहित्य पुरवणाऱ्याकडून दुसरे यंत्र आणले, आमच्या नौकेच्या नावाने आणि नव्या क्रमांकाने नोंदवले, आणि नोंदणीची प्रत माझ्या हातात दिली. एआयएसमधले नावही तेव्हाच बदलले गेले. यात आमचा सरावाचा दीड दिवस गेला, आणि तो पुढे भाड्यातून वजा करून मिळाला.

नौकेचे नाव बदलणे अशुभ असते असे पाश्चात्त्य खलाशी पूर्वापार मानत आले आहेत. समुद्रदेवतेच्या वहीत प्रत्येक नौकेचे नाव लिहिलेले असते, म्हणून नवे नाव देण्याआधी जुने नाव नौकेवरच्या प्रत्येक वस्तूवरून, दप्तरातून, किल्ल्यांच्या जुडग्यांवरूनही पुसून टाकायचे आणि मगच वारुणी अर्पण करून नवे नाव घ्यायचे, असा तो विधी आहे. मी शकुन-अपशकुन मानत नाही. तरीही हा विधी ज्यांनी घालून दिला त्यांना समुद्र कळत होता असे मला त्या संध्याकाळी, हातात तो पिवळा डबा धरून जुनी चिठ्ठी वाचताना, मनापासून वाटले. जुन्या नावाचा माग काढत कोणी नौकाभर फिरले असते तर हे यंत्र त्याच्या नजरेतून सुटले नसते.

प्रत्यक्ष शर्यतीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तिथे तक्रारीला जागाच नव्हती. २००९ पासून दर फेब्रुवारीच्या सुमारास होणारी ही शर्यत अँटिग्वाहून निघते, अकरा बेटांना वळसे घालत सहाशे सागरी मैल धावते आणि अँटिग्वालाच संपते. उघड्या समुद्रावर व्यापारी वारे शिडात असे भरतात की बावन्न फुटी नौका लाटांवरून घसरत जाते, पाण्याचे लोट थेट सुकाणूपर्यंत येतात आणि बोलणे केवळ खुणांनी होते. नौका उत्तम स्थितीत होती. विंच गुळगुळीत फिरत होते, दोर नवे होते, मुख्य शिडाला एक मोसमाची झीज होती पण आकार टिकून होता. कप्तानाने आमच्यातल्या प्रत्येकाला दोन वेगळी कामे शिकवली, ज्यामुळे रात्री पाळी बदलताना कोणीही अडून बसले नाही. तो एकदाही चिडला नाही. व्यावसायिक खलाशांपैकी जी मुलगी नौकेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, काम करत होती तिने भर वाऱ्यात, अंधारात, डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात अडकलेला दोर सोडवला, तेव्हा लाट तिच्या कमरेवरून जात होती आणि तिचा एक हात सारा वेळ नौकेला धरून होता. अशा माणसांसोबत समुद्रावर जायला मिळणे हीच या सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

ग्वादलूपच्या पश्चिमेला आम्ही चार तास जवळजवळ उभे होतो. उंच डोंगराच्या आडोशाला वारा पडतो, शीड पिशवीसारखे लोंबते, आणि मागून येणाऱ्या नौका एकेक करून त्याच सापळ्यात येतात. २०१८ च्या ‘रूट द्यु ऱ्हम’मध्ये याच बेटाला वळसा घालताना जॉयॉ यांनी पुढे असलेल्या फ्रान्स्वा गाबार यांना अखेरच्या टप्प्यात गाठले आणि ७ मिनिटे ८ सेकंदांनी शर्यत जिंकली, ही हकिकत कप्तानाने आम्हाला तिथेच, त्या स्तब्ध पाण्यावर सांगितली. बोलताना तो नौकेला ‘आयडेक’ म्हणाला, मग थांबून स्वतःच म्हणाला, “म्हणजे ग्रुपामा.” त्याने तरुणपणी ती त्या नावाने पाहिली होती. पहाटे तीनच्या सुमारास पाण्यावर बारीक सुरकुत्या दिसू लागल्या, कप्तानाने हलके शीड चढवायला सांगितले आणि आम्ही त्या आडोशातून बाहेर पडलो.

परतीच्या टप्प्यात आमचे एक मोठे पुढचे शीड खालच्या कडेला दीड मीटर फाटले. येथे कंपनीचे वागणे फार चांगले होते. फाटलेल्या जागी शिवण आधीच विरलेली होती हे शीड बनवणाऱ्या कारागिराने दाखवून दिल्यावर कंपनीने दुरुस्तीचा निम्मा भार स्वतः उचलला आणि उरलेली अनामत कबूल केलेल्या मुदतीत परत आली. नौका परत देताना यादीतील प्रत्येक वस्तू दोन्ही बाजूंनी मिळून मोजली गेली, आणि त्या यादीवर या वेळी, माझ्या आग्रहावरून, नौकेचे आजचे नाव, आधीचे नाव आणि सांगाड्याचा क्रमांक अशी तीनही नोंद झाली.

मला विचाराल तर नौकेला आणि माणसांना मी पैकीच्या पैकी गुण देईन, करारातील व्यवहाराच्या बाजूला चांगले गुण देईन, आणि कागदपत्रांच्या बाजूला उत्तीर्ण होण्यापुरतेही देणार नाही. ज्यांना अशी सेवा घ्यायची आहे त्यांनी पैसे भरण्याआधी आधीची सर्व नावे लेखी मागावीत, कीलच्या शेवटच्या तपासणीचा अहवाल पाहावा, सांगाड्याचा क्रमांक स्वतः ताडावा, आणि ईपर्बच्या नोंदणीची प्रत मागावी. चांगल्या कंपनीला या मागण्यांचा राग येत नाही. आमच्या कंपनीला आला नाही. केवळ नावामागे जाणाऱ्यांना, म्हणजे अमुक विजेत्या नौकेवर आपण होतो असे सांगायची ज्यांना हौस आहे त्यांना, मी एवढेच सांगेन की विजेती नौका आज वेगळ्याच नावाने शेजारच्या धक्क्यावर उभी असू शकते, आणि बहुधा कमी भाड्यात मिळूही शकते.

पुढच्या शर्यतीसाठी आम्ही याच कंपनीकडे आणि याच नौकेसाठी नाव नोंदवले आहे. मध्यंतरी कंपनीला नवा प्रायोजक मिळाला असून नौकेचे नाव पुन्हा बदलणार आहे, असे व्यवस्थापकाने परवा कळवले. पत्रासोबत त्याने न मागता तीन कागद जोडले होते: दोन्ही जुन्या नावांसह नौकेचा लेखी इतिहास, कीलच्या नव्या तपासणीची तारीख, आणि नवे नाव लागू होण्याच्या दिवशीच ईपर्ब व एआयएस यांच्या नोंदी बदलण्याचे आश्वासन, त्याच्या सहीनिशी. पहिला हप्ता मी काल भरला. दुसरा त्या नोंदीची प्रत हातात आल्यावर भरणार आहे, आणि तसे त्याला कळवलेही आहे.